कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच

बुधवारी रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत पहिली पोस्ट. किमान २५० शब्द. त्यात पाठ्यपुस्तकातली एक तरी संकल्पना हवी. रविवारी रात्रीपर्यंत दोन वर्गमैत्रिणींना उत्तरं, प्रत्येकी किमान १०० शब्द. 'मस्त लिहिलंयस', 'अगदी सहमत' याला शून्य गुण. उत्तरात नवा अनुभव, नवी माहिती किंवा खरा प्रश्न यांपैकी काहीतरी असलं पाहिजे. उशीर झाला तर गुण नाहीत, कारण काहीही असो.

आमच्या बालविकासाच्या ऑनलाइन वर्गाचे हे चर्चेचे नियम. पहिल्या आठवड्यात वाचले तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. पाच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काढलेल्या माणसाला डेडलाइनची काय भीती? शिवाय कॅनव्हासवर अशी सेटिंग होती की स्वतःची पोस्ट टाकल्याशिवाय दुसऱ्यांचं काही दिसायचंच नाही. म्हणजे इंजिनिअरिंगमध्ये आम्ही असाइनमेंट ज्या पद्धतीने 'पूर्ण' करायचो, ती वाटही बंद. तरीही, २५० शब्द काय, अर्ध्या तासाचं काम.

ही मी इथे कशी पोचले, ते आधी सांगते. २०२२ च्या शेवटी लग्न करून कॅलिफोर्नियात आले, एच-फोर व्हिसावर. या व्हिसाचं वर्णन सोपं आहे : शिकायला परवानगी आहे, कमवायला नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या रांगेतला एक टप्पा पार पडला की मग मी कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. तोवर घर, फिरणं, पोळ्या, आणि 'मग तू सध्या काय करतेस?' हा प्रश्न. पहिले तीन-चार महिने मी नवीन फ्रेमवर्क शिकत होते. नंतर लक्षात आलं की जे वापरायला मिळणार नाही ते शिकत राहिलं की माणूस आतून आंबतो.

इथल्या कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलरला. रहिवासी म्हणवून घ्यायला राज्यात एक वर्ष काढावं लागतं. मी वर्ष काढलं आणि २०२४ च्या जानेवारीत नाव घातलं. परवाना असलेल्या बालकेंद्रात शिक्षिका व्हायचं तर इतर अटींबरोबर या विषयाचे किमान बारा युनिट लागतात. हे मला माहीत होतं. बारा युनिट झाले तरी नोकरी करता येणार नाही, हेही माहीत होतं. मग बालविकासच का? नवऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "वेळ जमला." खरं कारण आत्या होती, पण ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती थोडा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "एवढं इंजिनिअरिंग करून शेवटी बालवाडी? तुझी आत्या करते तेच?"

फोन स्पीकरवर होता. आत्या त्याच खोलीत होती.

आत्या १९९४ पासून आमच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. वाळवा तालुक्यातलं गाव, देवळामागची एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि वर्षभरात हे काम मिळालं. सरकार तिला पगार देत नाही, मानधन देतं. हा शब्द ती नेहमी जरा लांबवून म्हणते, "मा-न-ध-न", आणि पुढं म्हणते, "मान निम्मा, धन निम्मं." मुलांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरणाच्या याद्या, पोषण आहार, आणि या सगळ्यातून वेळ उरला तर शिकवणं. मीही तिच्याच अंगणवाडीत होते.

दुसऱ्या आठवड्याची चर्चा बालशिक्षणाच्या इतिहासावर होती. पुस्तकात फ्रोबेल, मॉन्टेसरी, रेज्जिओ एमिलिया. मी ताराबाई मोडकांवर लिहिलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच वस्तीच्या अंगणात नेली आणि तिचं नाव अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकातून नाही, आत्याकडून माहीत होती. तिच्या प्रशिक्षणात तिला ती सांगितली होती आणि तिने आम्हाला, भोंडल्यातली गाणी सांगावीत तशी. त्या पोस्टला वीसपैकी वीस गुण मिळाले. बाईंनी लिहिलं, 'हे मला माहीत नव्हतं, आभार.'

मी चटावले. वीसपैकी वीस मिळवायचा साचा सापडला होता : एक संकल्पना, एक भारतातला किस्सा, शेवटी एक विचारमग्न प्रश्न. इरिक्सन टाका, आजी टाका, ढवळा. आमच्या वर्गात बहुतेक बायका दिवसभर काम करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या. त्यातल्या एक घरातच लायसन्स काढून पाळणाघर चालवायच्या. वीस वर्षं. मातृभाषा स्पॅनिश. त्यांची पोस्ट नेहमी अकरा-साडेअकराला यायची, बहुतेक फोनवर बोलून टाइप केलेली, कारण विरामचिन्हं नसायची. शब्द कधीच २५० भरायचे नाहीत. मी त्यांना उत्तर द्यायचं टाळायचे, कारण त्यांच्या पोस्टमध्ये 'पकडायला' काही नसायचं. हे आत्ता लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

वर्गात खरा कस लागला तो निरीक्षणाच्या नोंदींना. बाईंचा नियम एका ओळीचा : कॅमेऱ्याला दिसेल आणि माइकला ऐकू येईल तेवढंच लिहा. 'मुलगा रागावला' असं लिहायचं नाही. 'मुलाने ठोकळा जमिनीवर फेकला, दोन्ही मुठी आवळल्या आणि दाराकडे पाठ केली' असं लिहायचं. लाजरी, हट्टी, शहाणा, खोडकर, हे सगळे शब्द बाद. आधी नोंद, मग वेगळ्या रकान्यात अर्थ.

हे मला पटकन जमायला हवं होतं. आमच्याकडे एखाद्या टेस्टरने 'पेज चालत नाही' एवढंच लिहिलं की आम्ही ते परत पाठवायचो. काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं, तीन गोष्टी लिही. 'चालत नाही' ही माहिती नाही, तक्रार आहे. तरी पाच मिनिटांचा व्हिडिओ बघून लिहिलेल्या माझ्या पहिल्या नोंदीत बाईंनी अकरा शब्द लाल केले होते. 'ती कंटाळून खिडकीत गेली' यातल्या 'कंटाळून'पुढे लिहिलं होतं, 'तुम्हाला कसं कळलं?'

आठव्या आठवड्यात एक जुनी फिल्म बघायची होती. जेम्स रॉबर्टसन यांची, १९५२ ची, 'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल'. लॉरा नावाची अडीच वर्षांची मुलगी हर्नियाच्या छोट्याशा ऑपरेशनसाठी आठ दिवस इंग्लंडमधल्या रुग्णालयात राहते. तेव्हा आईवडिलांना मुलाजवळ राहू देत नसत. रॉबर्टसन रोज ठरावीक वेळी कॅमेरा लावतात, बस. लॉरा आकांत करत नाही. मधूनच चेहरा वाकडा होतो, ती तो सरळ करते. हळू आवाजात आईचं विचारते आणि पुन्हा गप्प होते. फिल्म दाखवली तेव्हा बरेच डॉक्टर आणि परिचारिका चिडले होते, कारण त्यांच्या लेखी अशी गप्प मुलं म्हणजे रुळलेली मुलं. हळूहळू मतं बदलली. १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने आईवडिलांना मुलांना कधीही भेटू द्यावं अशी शिफारस केली.

मी फिल्म दीडपट वेगाने लावली होती. मध्येच नेहमीच्या वेगावर आणली. का, ते तेव्हा कळलं नाही.

नवव्या आठवड्याचा प्रश्न असा होता : 'तुमच्या लहानपणाची अशी एक गोष्ट निवडा जी तुमच्या घरात नेहमी सांगितली जाते. ती निरीक्षणाच्या नोंदीसारखी पुन्हा लिहा. कोणते शब्द काढावे लागले? काय उरलं?'

माझ्याकडे गोष्ट तयार होती. आमच्या घरी लग्नाकार्यात, बारशात, माझ्या साखरपुड्यात तर दोनदा सांगितलेली. मी साडेतीन वर्षांची असताना शिराळ्याच्या नागपंचमीच्या जत्रेत पत्र्याच्या मोटारीसाठी हट्ट धरला. मोटार मिळाली नाही. तर बाईसाहेब अडीच महिने कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत! "एवढीशी होती, पण हट्ट बघा!" आई ही गोष्ट फार छान सांगते. माझं गाल फुगवून बसणं करून दाखवते. सगळे हसतात, मीही हसते. नवऱ्याशी भांडण झालं की तोही म्हणतो, "आता अडीच महिने का?"

लिहायला बसले. 'हट्टी' काढलं. 'रुसली' काढलं. 'मोटारीसाठी' हेही काढावं लागलं, कारण कारण कॅमेऱ्याला दिसत नाही. उरलं एवढं : 'साडेतीन वर्षांची मुलगी अडीच महिने बोलली नाही.'

मी त्या वाक्याकडे बघत बसले. हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या नोंदवहीत दिसलं असतं तर मी काय म्हटलं असतं? हसले असते का?

बुधवारचे संध्याकाळचे सहा वाजले होते, म्हणजे गावी गुरुवारची सकाळ, साडेसहा. आत्याला फोन लावला. ती ओट्यावर मेथी निवडत होती.

"आत्या, मी अडीच महिने बोलत नव्हते ना, ते सांग."

"आगं लई हट्टी हुतीस तू," तिने सवयीनं सुरुवात केली.

"हट्टी नको. मी करत काय होते ते सांग. तू अंगणवाडीत होतीस ना माझ्याजवळ. तुला दिसलं काय?"

मेथीचा आवाज थांबला. मग आत्या जे बोलली ते मी लिहून घेतलं. तिचे शब्द तसेच ठेवते.

"सकाळी आलीस की दारापाशी बसायचीस. आत ये म्हटलं तर न्हाई. दुसऱ्या पोरांनी ढकललं तरी तिथंच. साडेधाची सांगलीची गाडी फाट्यावर वाजली की उठायचीस. सुकडीची वाटी हातात तशीच. उंबऱ्यावर उभी ऱ्हायचीस. गाडी गेली, धुरळा बसला, की परत खाली. सुकडी दोन घास खायचीस आन बाकीची फ्राकच्या खिशात. रोज. रात्री फ्राक धुताना मी काढायचे. मुंग्या लागायच्या."

"आणि मोटार?"

"मोटार तर तुझ्या पप्पानं घेतली हुती की. जत्रेतनंच. तू खेळली न्हाईस तिच्याशी. माळ्यावर असंल आजून."

मी विचारलं, "आत्या, तेव्हा आई कुठं होती?"

आई मिरजेला होती, दवाखान्यात. सातव्या महिन्यात बाळंत झाली होती. मुलगा झाला आणि चौथ्या दिवशी गेला. आईला ताप चढला, तीन आठवडे दवाखान्यात, तिथून परस्पर तिच्या माहेरी कोल्हापूरला. ती गेली होती साडेदहाच्या सांगलीच्या गाडीने.

रोहिणीत पाऊस पडला होता असं कुणी सांगावं, तसं मला हे अर्धं माहीत होतं. 'तुझ्या पाठीवर एक झाला होता, राहिला नाही', एवढं. ते एका कप्प्यात होतं आणि मोटारीची गोष्ट दुसऱ्या. दोन्हींचं साल एकच, १९९९, हे मी अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत कधी जुळवून बघितलं नव्हतं. लोकांच्या लॉग फाइलमध्ये दोन नोंदींच्या वेळा जुळवून बिघाड शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं.

त्या रात्री मी पोस्ट टाकली. एकशे चाळीस शब्द. फक्त नोंद. दार, गाडी, वाटी, उंबरा, खिसा. शेवटी एक ओळ : 'मुलीची आई त्या काळात घरी नव्हती.' एकही संकल्पना नाही. संकल्पना सुचत होत्या, बोल्बी सुचत होता, लॉरा तर डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पण ते टाकलं की माझं पोस्ट पुन्हा छान झालं असतं. बाईंनी तीन गुण कापले. बरोबरच केलं, नियम नियम आहे.

रविवारपर्यंत चार उत्तरं आली. तीन सहानुभूतीची, प्रत्येकी शंभर शब्दांची, बोल्बीसकट. चौथं त्या पाळणाघरवाल्या बाईंचं. त्यात एकच प्रश्न होता, विरामचिन्हाशिवाय : 'बस यायची तेव्हा तुझ्याबरोबर दारात कोणी उभं राहायचं का'

मी इतक्या आठवड्यांत कुणाला असा प्रश्न विचारला नव्हता. माझे प्रश्न पोस्टच्या शेवटी शोभेला असायचे. हिला खरंच उत्तर हवं होतं. वीस वर्षं दारात उभ्या राहिलेल्या मुलांजवळ जाऊन उभं राहिलेल्या बाईलाच ते सुचणार.

उत्तर मला माहीत नव्हतं. पुन्हा फोन.

आत्या या वेळी लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "मी यायचे की. डाव हातात आसायचा, तसंच. तुझ्या मागं उभी ऱ्हायचे." थांबली. "आन सांगायचे, आज न्हाई आली, उद्याच्या गाडीनं येईल. रोज सांगायचे. सत्तर-पंच्याहत्तर दिवस मी रोज तुला खोटं सांगितलं. तू माझ्यावर इसवास ठिवून रोज उठायचीस. एक दिस म्हटलं आज सांगायचं न्हाई, तर तू वळून माझ्याकडं बघितलंस. मग सांगितलंच."

मी काय बोलणार? तीसेक पोरांच्या खोलीत एकटी बाई, तिशीतली, स्वतःचा भाचा चार दिवसांत गेलेला, वहिनी तापात, आणि पुढ्यात मी.

"तुमच्या पुस्तकात काय सांगितलंय?" तिने विचारलं. "काय म्हणायला पायजे हुतं?" ती खरंच विचारत होती, जशी प्रशिक्षणात विचारत असेल.

मी सांगितलं. लहान मुलाला छोट्या वाक्यांत खरं सांगावं. आई आजारी आहे. दवाखान्यात आहे. ती परत येणार आहे. कधी ते मला माहीत नाही. तोवर मी आहे.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "शेवटचं तेवढं म्हणायचे गं मी."

पाळणाघरवाल्या बाईंना मी उत्तर लिहिलं, 'हो. माझी आत्या.' शंभर शब्द भरले नाहीत. त्यांनी एक हृदय टाकलं. उरलेल्या आठवड्यांत मी त्यांच्या प्रत्येक पोस्टला उत्तर दिलं. पकडायला भरपूर असायचं. एकदा त्यांनी लिहिलं होतं की नवं मूल आलं की त्या पहिल्या दिवशी त्याच्या आईची ओढणी किंवा स्कार्फ मागून ठेवतात आणि तो धुवायचा नाही असं आईला बजावतात. एवढंच. पुस्तकात यावर एक प्रकरण आहे.

आईला यातलं काही सांगायचं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. सांगून काय करायचं होतं? तिच्याकडून गोष्ट काढून घ्यायची?

एप्रिलमध्ये पाडवा आला. गावी सकाळ, इकडे सोमवारची रात्र. व्हिडिओ कॉलवर सगळे होते. चुलतभावाची नवी बायको पहिल्यांदाच घरी आलेली, तिला माझी ओळख करून देता देता आईने गोष्ट सुरू केली. शिराळ्याची जत्रा, पत्र्याची मोटार. गाल फुगवले. नवी सून हसली. मी इकडे चेहरा सांभाळून बसले.

मागे आत्या श्रीखंडाच्या वाट्या मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोटारीसाठी गप नव्हती ती, वहिनी."

कुणी काही बोललं नाही. फोन कुणाच्या तरी हातात होता, तो हलला, छत दिसलं, मग पुन्हा आई. तिच्या गालांतली हवा गेली होती.

"मला माहितेय," आई म्हणाली.

हे ती आत्याला म्हणाली की मला, ते कॅमेऱ्यात दिसलं नाही. नंतर ती फोन घेऊन परसात आली. मागे गुढी अर्धी दिसत होती. थोडा वेळ ती इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलली, पुरणाचं, उन्हाचं. मग म्हणाली, "तुझ्या त्या क्लासात असतं तरी काय? सांग की."

मी पहिल्या आठवड्यापासून सांगायला लागले.